खिडकी सांग

धाकटी: नाही बाई, आज नको. मी नुसती भेटायला आले असं समजा.

थोरली: नुसतं भेटायला येणारं माणूस एवढं ओझं घेऊन येतं होय? लॅपटॉप, कळफलक, वायरींचा गुंता. आणि पिशवीतून कार्डाचं पाकीट कधीचं डोकावतंय माझ्याकडे. काढ ते.

धाकटी: गेल्या खेपेला दोन प्रयत्न गेले आपले. एकच उरलाय. तोही चुकला तर कार्ड कायमचं बंद.

थोरली: तीन चुका झाल्या की कार्ड तोंड मिटतं, हे तुला शिकवलं कुणी?

धाकटी: तुम्ही.

थोरली: मग मला कशाला शिकवतेस? काढ.

सून: आई, चहा. आणि जेवणानंतरची गोळी राहिलीय.

थोरली: घेतली मी.

सून: नाही घेतलीत. ही बघा, बशीतच आहे.

थोरली: बरं, राहिली असेल. आण. बघितलंस ना? असं चालतं आमच्याकडे. आणि तू आलीस माझ्याकडे आकडा मागायला.

सून: ताई, तुमच्यापुढे स्पष्टच बोलते, राग मानू नका. मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर या जेवल्या नाहीत. खुर्चीत बसून नुसती बोटं हलवत होत्या. एका आकड्यापायी एवढं? बँकेचं कार्ड बिघडलं की बँक नवीन देते. तुमच्या इस्पितळात देत नाहीत का?

धाकटी: नवीन आलंय. तेच तर घेऊन आलेय बरोबर. पण जुन्या कार्डानं नव्याच्या सर्टिफिकेटवर सही केली पाहिजे, तरच...

थोरली: तुझ्या भाषेत तिला कळायचं नाही. मी सांगते. हे बघ, इस्पितळातल्या प्रत्येक डॉक्टरकडे, प्रत्येक नर्सकडे एकेक कार्ड असतं. रिपोर्टवर सही करायची म्हणजे ते कार्ड खाचेत घालायचं. कार्डाच्या पोटात एक किल्ली असते, आणि किल्लीबरोबर एक दाखला, की ही किल्ली खरंच याच डॉक्टरची. आता त्या दाखल्यावर सही कुणाची?

सून: कुणाची?

थोरली: याची. हे थोरलं कार्ड. घरातलं कर्तं माणूस म्हण. ते आता म्हातारं झालंय, निवृत्त व्हायचंय. जाताना त्यानं नव्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, आजपासून माझ्या जागी हा. म्हणजे सगळ्यांचे जुने दाखले चालू राहतात. आणि ते न म्हणताच गेलं, तर सगळं इस्पितळ रांग लावून हिच्या तळघरात उतरणार, नवीन कार्डं करा म्हणून.

सून: मग त्या किल्लीची एखादी नक्कल?

थोरली: नाही निघत. किल्ली कार्डाच्या पोटातच तयार होते आणि पोटातच राहते. बाहेर काढायची सोयच नाही. तीच तर गंमत.

सून: आणि आकडा फक्त तुम्हाला माहीत.

धाकटी: अर्धा. अर्धा त्यांना, अर्धा मला. एकीनं आपला भाग दाबायचा, मग दुसरीनं. एकमेकींना सांगायचा नाही, तसा नियमच आहे.

सून: पण आई निवृत्त झाल्या तेव्हाच बदलायचा ना आकडा!

थोरली: बघ, हिला कळतं. तुझ्या साहेबांना कळलं नाही.

धाकटी: तुमच्या जागी माणूसच दिलं नाही हो कुणी. बदलायचा तर कुणाबरोबर? दोन्ही अर्धे मीच ठेवले असते तर एकच अख्खा झाला असता. आणि हे कार्ड काय रोज लागतं? तुमच्या निरोपाच्या दिवशी कपाटात गेलं ते आत्ता निघालं. आकडा विसरला तर कार्ड उघडायचा एक सुटका-क्रमांक असतो, तोही पाकिटात घालून लाख लावून ठेवलेला. तळघरात पाणी शिरलं तेव्हा त्याचा लगदा झाला. साहेब म्हणाले, बाईंना जिना उतरवत नाही, तर कार्डच बाईंकडे घेऊन जा.

थोरली: साहेब म्हणजे कोण, तो बारीक मिशीवाला?

धाकटी: तो कधीच गेला. आताचा त्याच्यानंतरचा. त्याला तर हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या पडद्याची भीतीच वाटते. म्हणतो, यात माउस कुठे दिसत नाही.

थोरली: आपल्याला तरी कुठे येत होतं? मी टायपिस्ट म्हणून लागलेले. त्या जाडजूड छापील पुस्तकातली एकेक ओळ वाचायची, आणि तू टाइप करायचीस जीव मुठीत धरून.

धाकटी: आणि पहिल्याच आठवड्यात मोठ्या सर्जनची किल्ली पुसली आपण.

थोरली: आपण नाही, तू. दोन खाचांत दोन कार्डं होती. मी म्हणाले शून्य नंबरच्या खाचेतलं पूस, तू एकच्या खाचेतलं पुसलंस.

धाकटी: पहिलं पूस म्हणालात तुम्ही! माझ्या हिशेबात पहिलं म्हणजे एक नंबरचं. मशीन शून्यापासून मोजतं हे कुणाला ठाऊक होतं?

थोरली: आणि तो सर्जन खाली आला रागानं लाल होऊन, त्या बुटक्या दाराला डोकं आपटलं त्याचं. मग आपणच त्याला बर्फ आणून दिला.

धाकटी: बर्फ धरून बसला बिचारा, नवीन कार्ड होईपर्यंत.

थोरली: नंतर वर जाऊन सांगितलंन, तळघरात दोन जावा बसल्यात, थोरली आणि धाकटी. तिथून ते नावच पडलं. माझं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं.

सून: ते मला नव्हतं माहीत. मला वाटायचं तुम्ही खरंच नात्यातल्या.

थोरली: काढ आता. लाव कार्ड. आधी विचार त्याला किती प्रयत्न उरलेत ते. विचारायला आकडा लागत नाही.

धाकटी: लावलं. विचारते. हं. एकच, बाई.

थोरली: ठीक आहे.

धाकटी: ठीक नाही. खरं सांगू का? रांग लागली तर लागली. करीन मी सगळ्यांची कार्डं नवी. महिनाभर राबीन. पण इथे पुन्हा चूक आलं आणि तुम्ही पुन्हा तशा बसून राहिलात तर मला नाही बघवणार.

सून: मीही तेच म्हणते. आकडा आठवला नाही म्हणून काही बिघडत नाही, आई.

थोरली: बिघडतं. तुम्ही दोघी माझ्याशी प्रेमानं बोलता म्हणून तुम्हाला वाटतं बिघडत नाही. गॅस माझ्याकडून चालू राहिला, कबूल. शेगडी हातातून गेली. मग औषधाची डबी गेली, मग बाहेरच्या दाराची किल्ली. बरोबरच आहे तुमचं, मी भांडले का? नाही भांडले. पण हा आकडा कुणी दिलेला नव्हता मला. तो माझा. तोही गेला असेल तर मला कळलं पाहिजे. आणि गेला नसेल तर... तेही कळलं पाहिजे.

धाकटी: बरं. मग मला आधी एक सांगा. गेल्या वेळी हात अडला का कुठे?

थोरली: तेच तर! अडलाच नाही. मी कधी आकडा म्हणून पाठच केला नव्हता गं. तुझ्यासारखी नाही मी, रोज सकाळी दात घासताना म्हणणारी.

धाकटी: तुम्हाला कसं कळलं?

थोरली: ओठ हलतात तुझे. माझं तसं नाही. माझा हातच जायचा. केस विंचरताना आपण भांग कुठे पाडायचा ते आठवतो का? तसा. गेल्या वेळीही दोन्ही वेळा गेला, अगदी पहिल्यासारखा. आणि पडदा म्हणतो चूक.

धाकटी: दोन्ही वेळा सारखाच गेला?

थोरली: सारखाच. फक्त शेवटी ती टिक झाली नाही.

धाकटी: घड्याळाची!

सून: कसली टिक?

धाकटी: यांचं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ. सगळं जग डाव्या हातात घालतं, या उजव्यात. शेवटचा आकडा दाबला की पट्टा त्या खोक्याच्या कडेला लागून टिक व्हायचं. मी पाठ करून उभी असायचे, त्यावरून मला कळायचं की झालं, आता वळायला हरकत नाही.

थोरली: म्हणजे माझा शेवटचा आकडा खालच्या ओळीत आहे, हे इतकी वर्षं तुला ठाऊक होतं?

धाकटी: कानावर पडायचं ते काय करू?

थोरली: आणि बोलली नाहीस!

धाकटी: बोलले असते तर घड्याळ काढून ठेवलं असतंत. मग मी वळायचं कधी? संध्याकाळपर्यंत तशीच उभी राहिले असते. बाई, एक मिनिट थांबा. ते खोकं. कार्ड वाचायचं ते जुनं करडं खोकं. त्याच्या अंगावरच बटणं होती.

थोरली: होती की. त्यावरच तर दाबायचो. हे तुझं नवीन चपटं बिनबटणांचं आहे, म्हणून कळफलकावर दाबायला लावलंस.

धाकटी: त्या खोक्यावर एकचा आकडा कुठे होता?

थोरली: वर. डावीकडे. टेलिफोनवर असतो तसा.

धाकटी: आणि या कळफलकावर? उजव्या बाजूचे आकडे बघा.

थोरली: चष्मा दे माझा. ...अगं, इथे वरच्या ओळीत सात-आठ-नऊ आहेत.

धाकटी: आणि एक-दोन-तीन खाली.

थोरली: उलटं.

धाकटी: उलटं. हात बरोबर होता, बाई. पाटी उलटी होती.

सून: आई? आई, पाणी देऊ?

थोरली: नको. काही नाही. हात बरोबर होता म्हणते ही.

सून: मग आता कळफलक उलटा धरायचा का?

धाकटी: मग डावं-उजवंही बदलेल. नको. ते खोकंच हवं होतं, पण ते भंगारात गेलं.

थोरली: खोकं कशाला? टेलिफोन. आपला बंद पडलेला टेलिफोन. त्याच्यावर हात फिरवते, कुठली बटणं दाबली ती बघते, आणि तेच आकडे इथे दाबते. तू दिलास का गं तो टाकून?

सून: द्यायचाच होता. तुम्ही ओरडाल म्हणून पलंगाखाली सरकवलाय.

थोरली: शहाणी आहेस. आण. आणि वरच्या खणातलं माझं घड्याळही आण.

सून: बंद आहे ते.

थोरली: वेळ बघायला नकोच आहे मला.

धाकटी: बाई, घाई करू नका. फोनवर हवं तेवढं चुका, फोन काही तोंड मिटत नाही.

सून: हा घ्या फोन. अगंबाई, धूळ किती! आणि हे घड्याळ. हात करा, मी घालते. सैल झालं बघा मनगटाला.

थोरली: मनगट वाळलं, त्याला घड्याळ काय करणार? हं. फिरवा तोंडं. दोघींनीही.

सून: मीसुद्धा?

थोरली: तूसुद्धा. नियम म्हणजे नियम.

धाकटी: बाई?

थोरली: थांब. आता डोकं मध्ये येतंय. हात निघाला की डोकं विचारतं, कुठे चाललास? की तो थांबतो. गेल्या वेळी नव्हतं असं झालं. गेल्या वेळी मला भीती वाटत नव्हती ना. ...खिडकी सांग.

सून: काय सांग?

धाकटी: आमची पद्धत होती. एकजण आकडा दाबायची तेव्हा दुसरीनं खिडकीकडे तोंड करून बाहेर काय दिसतंय ते मोठ्यानं सांगायचं. म्हणजे आपण चोरून बघत नाही याची खात्री. सांगते, बाई. समोर भिंत. भिंतीवर पाइप. पाइपाला गंज. वर एक कबुतर...

थोरली: यानं माझा हात चालायचा नाही. असली कसली खिडकी? आपली सांग.

धाकटी: आपली?

थोरली: तळघरातली.

धाकटी: बरं. आपली खिडकी. हातभर रुंद, वर छताशी. बाहेरून फुटपाथला टेकलेली. माणसं दिसत नाहीत, नुसते पाय. ...काळे बूट आले. एक नाडी काळी, एक तपकिरी. म्हणजे रखवालदार. अजून त्याला जोडीची नाडी मिळालेली नाही. त्याच्या मागून प्लास्टरवाली मुलगी. आज कुबडी एकच. आज तिनं दुखरा पाय टेकलाय बघा, जरासा. टाचा उंच, टकटकटक, थांबल्या. काढल्या. चपला घातल्या. नर्सबाईंची ड्यूटी संपली. एक बाबा पळत आला, एका पायात सँडल, एका पायात स्लीपर. मुलगा झाला असणार नाहीतर मुलगी. पुन्हा पळाला. उलट्या दिशेला. दार चुकलं त्याचं. आता कुणी नाही. फुटपाथ रिकामा. ऊन तिरकं झालंय, जाळीची सावली आपल्या टेबलावर आली. आणि... हां. तपकिरी बूट आले. जुनेच, पण चकचकीत. खिडकीपाशी येऊन थांबले. वाकून बघणार नाहीत, हाक मारणार नाहीत. डावा बूट उचलला, उजव्या पायाच्या पोटरीवर घासला. आता उजवा. डाव्या पोटरीवर. पुन्हा दोन्ही पाय जुळवून उभे...

(टिक.)

थोरली: झालं.

धाकटी: वळू?

थोरली: नको. आता इथे दाबते. एकेक बघून. ...दाबले. मोठ्यानं म्हणाले का मी?

धाकटी: नाही.

थोरली: बरं झालं. ये, आता तुझा अर्धा. मी सांगते खिडकी. समोर भिंत. पाइप. ते तुझं कबुतर उडालं. दुसरं आलं, हे जाडं आहे. काय गं, एवढा वेळ? तुझा अर्धा माझ्या अर्ध्याएवढाच आहे.

धाकटी: एकेक तपासून दाबतेय. दाबला. आता एंटर उरलं.

थोरली: मग दाब की.

धाकटी: बाई, चूक आलं तर...

थोरली: तर माझ्या डोळ्यांदेखत येईल, पाठीमागे नाही. दाब.

धाकटी: दाबलं.

सून: काय झालं? तो हिरवा दिवा लुकलुकतोय कशाला?

थोरली: सही करतंय. म्हातारं आहे ते, सहीला वेळ लागतो.

सून: थांबला दिवा. पण पडद्यावर तर काहीच आलं नाही. नुसती रिकामी ओळ. चुकलं का?

धाकटी: बाई...

थोरली: बघितलं. चुकलं की हे भांडखोरासारखं बडबडतं. बरोबर असलं की काही बोलत नाही. तुझ्या सासऱ्यांसारखं. नव्या कार्डाचा दाखला तपास.

धाकटी: तपासते. ...बरोबर! सही बसली. जुन्याची सही नव्यावर बसली, बाई!

थोरली: एवढं ओरडायला काय झालं? हात बरोबर होता, मघाशीच कळलं होतं आपल्याला.

धाकटी: रडताय तुम्ही.

थोरली: धूळ आहे फोनवर. हिला पुसायला सांग.

सून: आई, ते तपकिरी बूट... बाबांचे ना?

थोरली: रोज यायचे. स्वतःची कचेरी सुटली की सरळ तिथे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. म्हणायचे, तुमच्याकडे गुपितं असतात.

सून: पँटच्या मागे पोटरीवर पॉलिशचे डाग असायचे त्यांच्या. मी नवीन होते, घासून घासून दमायचे. मला वाटायचं कुठे बसतात हे असे?

थोरली: बसत नव्हते. उभे असायचे. मला माहीत होतं. तुला सांगायचं राहून गेलं.

धाकटी: बाई, आता या कार्डाचं काय करायचं? नियमानं चिपेवरून कात्री चालवायला हवी. साहेबांनी मला सांगितलंय, इथेच, दोघींनी मिळून.

थोरली: आण गं स्वयंपाकघरातली मोठी कात्री. एक टोक तू धर, एक मी.

धाकटी: चिवट आहे हो.

थोरली: इतकी वर्षं तोंड मिटून राहिलेलं, सहजी कसं तुटेल? दाब. हं. झाला तुकडा. तुझा अर्धा तू ने, माझा ठेव इथे.

सून: आई, एक बोलू?

थोरली: बोल.

सून: उद्या सकाळचा चहा तुम्ही करा.

थोरली: आणि गॅस चालू राहिला तर? तो मी खरंच विसरले होते गं. आज आकडा आठवला म्हणून ते खोटं होत नाही.

सून: मी असेन ना तिथे. ओट्याजवळ उभी राहीन. खिडकीकडे तोंड करून.

थोरली: आणि काय दिसतंय ते सांगावं लागेल. साधं नाही ते. हिला विचार.

सून: दूधवाल्यापासून सुरू करीन.

धाकटी: चला, निघते मी. सगळं पुन्हा पिशवीत. कळफलक राहू दे इथे, त्याचं तोंडही बघायचं नाही मला.

थोरली: थांब जरा. मघाशी टिक झाली आणि तू मध्येच गप्प झालीस.

धाकटी: तशीच पद्धत होती ना आपली. टिक झाली की थांबायचं.

थोरली: हो. पण ते बूट... ते गेले का गं?

धाकटी: नाही, बाई. तुमचं आवरल्याशिवाय कधी गेलेत?